एकटीसाठी कॅम्पर: बेडपासून स्टिअरिंगपर्यंत किती सेकंद?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

गेले दोन महिने व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "कॅम्पर घ्यायचाय, एकट्याने फिरायचंय, कुठली गाडी घेऊ?" आणि प्रश्नाखाली बहुतेक वेळा युरोपातल्या एखाद्या व्हिडिओची लिंक असते. पांढरी स्प्रिंटर, आत लाकडी किचन, मागचं दार उघडलं की समोर बर्फाचा डोंगर. छान असतं, मीही बघते. पण त्या गाडीमागे एक अख्खी व्यवस्था असते. तिकडच्या कॅम्पसाइटवर वीज मिळते, पाणी मिळतं, टॉयलेटची टाकी रिकामी करायला जागा असते. आपल्याकडे गुहागरला पोहोचल्यावर ती टाकी कुठे रिकामी करणार? हा प्रश्न व्हिडिओत येत नाही.

माझं आधी सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी सांगलीची. बीटेक झाल्यापासून पुण्यात बॅकएंडचं काम करते. महिन्यातले दोन आठवडे कुठूनही काम करायची मुभा आहे. साठवलेले साडेनऊ लाख आहेत, जे आई-बाबांच्या मते फ्लॅटचं डाउन पेमेंट आहे आणि माझ्या मते अजून ठरायचंय. बाबांचं पहिलं वाक्य होतं, "अगं, गाडीत झोपायला आपल्याला घरदार नाही का?" आईचं दुसरं होतं, आणि तेच जास्त महत्त्वाचं: "रात्री कोणी दार वाजवलं तर काय करशील?"

आईचा हा प्रश्न मी स्पेसिफिकेशन म्हणून घेतला. आज जे सांगणार आहे ते सगळं त्यातूनच निघालंय.

गेल्या सहा महिन्यांत तीन वेगवेगळ्या गाड्यांत मिळून मी अकरा रात्री काढल्या. एक भाड्याचा फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेला कॅम्पर, एक मैत्रिणीची स्कॉर्पिओ जिच्या छतावर तंबू आहे, आणि एक मावसभावाची मारुती ईको, ज्यात आम्ही फक्त प्लायची फळी आणि गादी टाकली. प्रत्येक गाडीत मी एकच टेस्ट केली. रात्री झोपेत असताना अलार्म वाजला की उठायचं आणि गाडी पुढे हलवायची. बाहेर पाय ठेवायचा नाही. फोनवर वेळ लावायची.

ईकोमध्ये चाळीस सेकंद लागले, त्यातले पंधरा चष्मा शोधण्यात.

छतावरच्या तंबूतून शिडीने खाली उतरल्याशिवाय स्टिअरिंगपर्यंत जाताच येत नाही, म्हणजे टेस्ट तिथेच फेल. आणि उतरून गाडीत बसलात तरी तंबू उघडा ठेवून गाडी पळवता येत नाही. मित्रमंडळींबरोबर चार गाड्या घेऊन जाणार असाल तर तंबू मस्त आहे, वारा लागतो, मजा येते. एकट्या माणसाने मात्र त्याचा विचार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रॅव्हलरची गंमत वेगळी. आत उभं राहता येतं, बसायला ऐसपैस, बेड घरच्यासारखा. पण ड्रायव्हरची केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये भिंत! केबिनमध्ये जायचं तर बाहेर उतरून, पुढचं दार उघडून. मी बघितलेल्या भाड्याच्या बहुतेक गाड्या अशाच होत्या, आणि कारण विचारलं तर अगदी सरळ आहे. आपल्याकडे कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली की सोबत ड्रायव्हर येतो. मागे कुटुंब, पुढे ड्रायव्हरदादा, मध्ये भिंत. त्या वापरासाठी ते बरोबरच आहे. एकटीच्या वापरासाठी ती भिंत म्हणजे आईच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर. नवीन बांधून घेत असाल तर पहिली अट हीच घाला, मध्ये भिंत नको, पडदा हवा. जाड, काळा, पूर्ण अंधार करणारा.

एका बिल्डरकडे मी हे सांगायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्या? मग चार जणांचं मॉडेलच घ्या, उद्या लग्न झालं की उपयोगी पडेल." मी म्हटलं, दादा, लग्न झालं की बघू, आत्ता मला रिव्हर्स घ्यायचाय.

रिव्हर्सचं खरंच सांगते. दोघं असली की एक जण उतरतो, मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे, बस" करतो. एकट्याला तो 'येऊ दे' म्हणणारा नसतो. कोकणात गावात शिरलात की दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी, आणि मागे जायचं ते वळणावर. किनाऱ्याने खाली उतरत गेलात तर आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ अशा फेरीबोटी लागतात, आणि बोटीवर गाडी कधी कधी रिव्हर्समध्ये चढवावी लागते, मागे दहा जण बघत असताना. ईकोची लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५. म्हणजे साधारण बारा फूट बाय पाच फूट. ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर यापेक्षा कितीतरी लांब. त्या गाड्या मोठ्या म्हणून वाईट नाहीत, पण घ्यायच्या असतील तर आधी रिव्हर्स कॅमेरा, मग किचन.

उंचीही बघा. ईको १८२५ मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे पार्किंगच्या हाइट बॅरिअरखालून जाते. उंच छताची व्हॅन अशा बऱ्याच ठिकाणी बाहेरच राहते. बाहेर म्हणजे रस्त्यावर, आणि रस्त्यावर म्हणजे सगळ्यांच्या नजरेत.

मागे ओढायच्या ट्रेलरबद्दल एकच वाक्य: रात्री अचानक निघायचं झालं तर बारा फुटांची वेगळी वस्तू मागे जोडलेली असावी असं एकट्या माणसाला का वाटावं, ते मला कळलेलं नाही.

आता वीज. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, सहन करा.

आकडेमोड सोपी आहे, पण बिल्डर ती करून देत नाहीत, ते "सोलर आहे मॅडम" एवढंच म्हणतात. १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या. १२.८ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे १२८० वॉट-अवर. ही तुमची टाकी. आता खर्च बघू. लॅपटॉप ६० वॉट, आठ तास, म्हणजे ४८०. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो, दिवसातला अर्धा वेळ चालू धरा, म्हणजे ५४०. पंखा २० वॉट, आठ तास, १६०. लाइट, फोन, राउटर मिळून १००. बेरीज करा, बरोबर १२८०. मी आकडे जुळवलेले नाहीत, खरंच तेवढेच आले! म्हणजे ऊन आणि ड्रायव्हिंग काहीच नसेल तर एक दिवस.

२०० वॉटचं पॅनेल हिवाळ्यात स्वच्छ उन्हात, नुकसान वजा जाता, दिवसाला साधारण ६५० ते ७५० देतं. गाडी चालवताना २० ॲम्पिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर तासाला अडीचशेच्या आसपास भरतो. दोन तास चालवलंत तर ५००. कोरड्या दिवसांत हिशेब जेमतेम जुळतो. जुलैमध्ये आंबोलीला ढगात बसलात तर पॅनेल म्हणजे छतावरची शोभा.

मग मी काय केलं? फ्रिज काढला. सरळ. फ्रिज ही चौघांच्या कुटुंबाची गरज आहे. एका माणसाला रोज अर्धा लिटर दूध, चार अंडी, दोन टोमॅटो लागतात, आणि ते आपल्याकडे कुठल्याही गावात सकाळी सात वाजता मिळतात. फ्रिज काढला की खर्च ७४० वर आला, बॅटरी जवळजवळ पावणेदोन दिवस पुरते, आणि साधारण पंधरा किलो वजन आणि पायाजवळची जागा वाचली. व्हिडिओ बघून यादी केली की ती चौघांची यादी होते. एकट्याची यादी वेगळी असते, आणि ती बरीच स्वस्त असते.

बॅटरी कुठली? घरच्या इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी टाकू नका. ती पन्नास-साठ किलोची असते आणि तिची निम्मीच शक्ती वापरावी. लिथियमची १०० ॲम्पिअरवाली बाराएक किलोत भागते. आणि प्लाय! घरच्या ट्रॉल्यांसारखा १८ मिलिमीटरचा प्लाय लावणारे कारागीर आहेत. आठ बाय चारचा तसा एक तक्ता तीस किलोच्या वर जातो. तीन तक्ते लावले की एक अख्खा प्रवासी झाला. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो. गाडीचं परवानगी असलेलं एकूण वजन उणे तिचं रिकामं वजन, एवढीच तुमची मर्यादा. घाट उतरताना ब्रेक ही मर्यादा आठवण करून देतात.

एसीचं विचारणाऱ्यांसाठी: पाऊण टनाचा एसी ७०० वॉटच्या आसपास घेतो. ती १२८० ची टाकी दोन तासही पुरणार नाही. मग लोक दोन रस्ते धरतात. इंजिन चालू ठेवून झोपायचं किंवा जनरेटर लावायचा. इथे मी जरा गंभीर होते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृत सापडले. तपासात कारण निघालं जनरेटरमधून आत आलेला कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. दोघं असूनही कळलं नाही. एकट्याला तर हलवून उठवणारंही कोणी नाही. त्यामुळे झोपताना इंजिन बंद, आत गॅस पेटलेला नको, शेगडी-कोळसा तर नकोच नको. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर. ही वस्तू पडद्याच्या कापडापेक्षा आधी घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडर आत ठेवायचाच असेल तर त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. मी मात्र सगळं दार उघडून, बाहेर, छोट्या स्टोव्हवर करते. पोहे, खिचडी, चहा. किचनवर याहून जास्त बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मग उकाड्याचं काय? गाडीचा एसी म्हणजे घाट. दर हजार मीटर वर गेलात की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ अंश थंड. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर झोपायचा हट्ट धरला नाही की एसीचा प्रश्नच राहत नाही. बाकी वेळी खिडकीच्या वर रेन व्हायझर, काच दीड इंच खाली, आतून मच्छरदाणीची जाळी, आणि त्या फटीत कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले १२० मिलिमीटरचे दोन पंखे. ते बारा व्होल्टवरच चालतात आणि दोन-तीन वॉट घेतात. एक हवा आत आणतो, एक बाहेर टाकतो. जुन्या डेस्कटॉपचा यापेक्षा चांगला शेवट मला माहीत नाही.

कागदपत्रं. कंटाळू नका, इथेच पैसे बुडतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे ठणकावून सांगितलं. छत कापून खिडकी बसवणं, सीट कायमच्या काढून पलंग ठोकणं, हे सगळं यात येऊ शकतं. आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीला हे आठवतं. म्हणून स्वतः छोटी व्हॅन सजवणार असाल तर सगळं सुटं ठेवा. फळी, गादी, बॅटरीचा डबा, सगळं अर्ध्या तासात बाहेर निघेल असं, आणि गाडी चालताना पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं. माझ्या ईकोच्या आराखड्यात एकही स्क्रू गाडीच्या पत्र्यात जात नाही.

तयार कॅम्पर घेत असाल तर मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, त्याप्रमाणे मान्यता आहे का ते विचारा, कागद हातात घेऊन बघा. सेकंडहँडमध्ये हमखास दिसणारा प्रकार म्हणजे आत बेड-किचन आणि आरसीवर साधी प्रवासी गाडी. एका ठिकाणी मला ऐकवलं गेलं, "सगळे असेच चालवतात मॅडम." तो व्यवहार तिथेच संपला. खासगी वापराचा कॅम्पर नॉन-ट्रान्सपोर्ट वर्गात येतो, पांढरी नंबर प्लेट. भाड्याने देण्यासाठीची गाडी ट्रान्सपोर्टमध्ये, पिवळी प्लेट, त्याचे परवाने आणि फिटनेस वेगळे. तेव्हा "महिन्यातून चार दिवस भाड्याने देऊ, ईएमआय निघेल" असं एक्सेलमध्ये मांडलं असेल तर ती ओळ खोडा. लायसन्सची काळजी मात्र नको, साडेसात टनांपर्यंत एलएमव्ही चालतं.

आणि हो, सेकंडहँड शोधताना 'कॅम्पर' टाइप केलंत की पहिल्या चाळीस जाहिराती बोलेरो कॅम्परच्या येतील. तो पिकअप आहे. त्यात सिमेंट जातं, तुम्ही नाही.

टॉयलेट. मला माहितेय, सगळे याचीच वाट बघत होते. पक्कं टॉयलेट बसवायचं तर टाकी रिकामी करायची सोय हवी, जी नाही. मी घडीचा कमोड आणि आत घालायच्या पिशव्या ठेवते, फक्त रात्रीच्या अडचणीसाठी, म्हणजे अंधारात बाहेर जावं लागू नये म्हणून. मुलींनो, ही सोय बेडच्या आधी ठरवा. बाकी दिवसा पेट्रोल पंप, एमटीडीसी, होमस्टे. कोकणात मी दोनदा एका घराच्या अंगणात गाडी लावली, रात्रीचे दोनशे रुपये, बाथरूम वापरायला, आणि सकाळी काकूंनी घावने दिले. त्या म्हणाल्या, "गाडीत कशाला झोपतेस गो, खोली आहे ना." बाबांचंच वाक्य, वेगळ्या चालीत.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, त्याच वर्षी केरळने 'केरवान केरळ' आणलं. हेतू चांगला आहे. पण एकटीने जाऊन लावावी अशी पाण्या-विजेची जागा मला माझ्या अकरा रात्रींत एकदाही मिळाली नाही. म्हणून गाडी अशी घ्या की तिला त्या जागेची गरजच पडू नये.

रात्रीची माझी पद्धत सांगते. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायची. ड्रायव्हर सीट रिकामी, त्यावर बॅग नाही. किल्ली एकाच हुकवर. लोकेशन दोघांकडे, आई आणि एक मैत्रीण. नेटवर्क नसेल त्या जागी मुक्काम नाही, कितीही सुंदर असली तरी. जागा आवडली नाही तर अंधार पडायच्या आत दुसरी शोधायची, आणि 'का आवडली नाही' हे स्वतःलासुद्धा समजावत बसायचं नाही. ११२ लक्षात ठेवा. वाळूवर गाडी घालायची नाही, भरती आली की ढकलायला कोण आहे? आणि मागच्या दाराखाली बाबांच्या जुन्या चपला. पळायची वेळ आली तर दीडशे रुपयांचं नुकसान.

आता तुमचा प्रश्न: कुठली घेऊ? मी पाच सीटची ईको बुक केलीये. मी पाच फूट तीन इंच आहे, आडवी होते, फळीवर बसून मान वाकवावी लागते. सहा फुटांचे असाल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, उगाच मन मारू नका. महिनोन्महिने गाडीतूनच काम करणार असाल, पावसातही, तर उभं राहता येणारी विंगर किंवा आखूड ट्रॅव्हलर घ्या, मध्ये भिंत नसलेली, मान्यतेचे कागद असलेली, आणि बजेट माझ्या दुप्पट-तिप्पट धरा. माझ्या साडेनऊ लाखांतून गाडी, बॅटरी, पॅनेल, गादी, अलार्म सगळं होऊन थोडे उरतायत. ते फ्लॅटसाठी आहेत असं मी बाबांना सांगितलंय.

पण काहीही बुक करायच्या आधी तीन रात्री भाड्याच्या किंवा मित्राच्या गाडीत काढा. एक रात्र उकाड्याची, एक पावसाची, एक पंपावर ट्रकांच्या आवाजात. शोरूमचा माणूस हसेल, हसू दे, पण तिथे गाडी बघायला जाल तेव्हाही चप्पल काढून आत आडवे व्हा. टेप घेऊन जा. उठून बसा, डोकं आपटतं का बघा. मग तिथूनच सरकत सरकत ड्रायव्हर सीटवर या, आणि फोनवर बघा किती सेकंद झाले.

आईने ही टेस्ट घेतली. पार्किंगमध्ये, हातात घड्याळ धरून, दार वाजवून. अडतीस सेकंद. ती म्हणाली, "तीसच्या आत आण, मग जा." सध्या मी एकतीसवर आहे. तुमचे आकडे कळवा. पुढच्या भागात वायरिंग आणि फ्यूज, तोपर्यंत बाय.